फाट्यावरचा फ्लेक्स की ओट्यावरची पाटी?

यावल तालुक्यातून एका ताईंचे पत्र आले आहे. त्या लिहितात:

"आमचे गाव अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरच्या फाट्यापासून थोडे आत आहे. ग्रामपंचायत 15 सदस्यांची असून सरपंचपद यंदा महिलेसाठी राखीव निघाले आहे. गेली अकरा वर्षे मी बचत गट चालवते, त्यामुळे लोकांनी आग्रह केला आणि मी उभे राहायचे ठरवले. समोरच्या पॅनेलने अर्ज भरण्यापूर्वीच फाट्यापासून मारुतीच्या पारापर्यंत फ्लेक्स लावले आहेत. माझे दीर म्हणतात, फाट्यावर 20 बाय 10 चा फ्लेक्स लावल्याशिवाय आपल्याला कोणी विचारणार नाही. पुतण्या म्हणतो, घराघरांवर छोट्या पाट्या लावू. यजमानांना भीती वाटते की घरांवर पाट्या लागल्या तर गावात कायमचे दोन तट पडतील. फ्लेक्सवर कोणाकोणाचे फोटो घ्यायचे यावरून तर घरात रोज वाद होतो. त्यातच आमचा शुभेच्छांचा एकुलता एक फ्लेक्स परवा रात्री कोणीतरी ब्लेडने फाडला आणि पोरे आता त्यांचे फाडायला निघाली आहेत. हाताशी ऐंशी हजार रुपये आहेत. काय करावे?"

ताई, नमस्कार.

बाकी सारे सावकाश बोलू, पण एक गोष्ट आजच्या आज करा. पुतण्याला आणि त्याच्या मित्रांना समोर बसवून सांगा की समोरच्या पॅनेलच्या एकाही फ्लेक्सला हात लागला तर तुम्ही निवडणुकीतून माघार घ्याल. नुसता धाक दाखवण्यासाठी नव्हे, मनापासून सांगा. ब्लेड मारणारा हात कोणाचा होता हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि कित्येकदा तो समोरच्या उमेदवाराच्या माणसाचा नसतोही. मात्र तुमच्या पोरांनी उलट फाडाफाडी केली की सगळ्या गावाला हात दिसतो आणि त्या हाताला तुमचे नाव चिकटते. गावकीच्या निवडणुकीतली बाचाबाची पारावर मिटत नाही, ती पोलीस ठाण्यात आणि तिथून कोर्टाच्या तारखांवर जाते. ज्याला उद्या पोलीस भरतीला उतरायचे आहे, अशा विशीतल्या पोराच्या नावावर गुन्हा दाखल झाला तर चारित्र्य पडताळणीत तोच कागद त्याला आडवा येतो. म्हणून फाटलेल्या फ्लेक्सचे, आजूबाजूचे दुकान किंवा खांब दिसेल असे दोन-तीन फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. आचारसंहिता लागली असेल तर अर्जाची एक प्रत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडेही द्या. तो फ्लेक्स तुम्ही परवानगी घेऊन लावला होता का, हे मात्र आधी तपासा. नसेल, तर तक्रार करायला गेल्यावर पहिली चूक तुमचीच निघेल.

आता दिरांच्या 20 बाय 10 कडे येऊ. त्यांचा आग्रह मला समजतो, कारण फाट्यावरचा मोठा फ्लेक्स पाहिला की आपल्या माणसांना बळ येते आणि "आपलेही काही आहे" असे वाटते. परंतु फाट्यावरून दिवसभर जाते कोण, हे एकदा तिथे तासभर उभे राहून मोजा. केळीचे ट्रक, चोपड्याहून रावेरकडे जाणाऱ्या एसटी गाड्या, परराज्यातली वाहने. त्यांतल्या कोणाचेही नाव तुमच्या मतदार यादीत नाही. तुमचा मतदार आहे तो मोटारसायकलवरून फाट्याला वळणारा, आणि तो वळताना ट्रककडे पाहत असतो. ताशी 40 किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल सेकंदाला 11 मीटर पुढे सरकते, म्हणजे 50 मीटरांवरून फ्लेक्स दिसू लागला तरी तो वाचायला साडेचार सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात एक चेहरा, एक नाव आणि एक चिन्ह, एवढेच डोक्यात शिरते.

मी तरुणपणी अमळनेरात भिंती रंगवण्याचे काम केले आहे. आमच्या धंद्यातला ढोबळ हिशोब असा होता की एक इंच उंचीचे अक्षर दहा फुटांवरून सहज वाचता येते. त्या हिशोबाने दीडशे फुटांवरून वाचण्यासाठी अक्षर 15 इंच उंच हवे. वरच्या वेलांटीला आणि खालच्या उकाराला जागा सोडली, तर 20 फूट रुंदीच्या फ्लेक्सवर अशा अक्षरांत तुमचे नाव आणि पद एवढेच मावते. दिरांनी त्यावर काय काय योजले आहे ते तुम्ही लिहिलेले नाही, पण आपल्याकडचे फ्लेक्स पाहून अंदाज बांधता येतो: वर नेत्यांची रांग, मध्ये कार्यसम्राट किंवा आधारवड अशी एखादी पदवी, एका बाजूला विकासाच्या वीस ओळी आणि तळाला शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे. त्या चाळीस चेहऱ्यांसाठी उमेदवाराचे नाव आकसून बारीक होते आणि तरीही ज्या एकेचाळिसाव्याचा फोटो राहून जातो तो रुसतोच. शुभेच्छुकांची पट्टी तुम्ही सरळ काढून टाका. कोणाचाच फोटो नाही म्हटल्यावर रुसायला कोणाला जागा राहत नाही.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. आपल्याकडे उन्हाळ्याच्या अखेरीस जे वादळ येते ते घडाला आलेली केळीची बाग एका संध्याकाळी आडवी करते, हे यावल-रावेरच्या माणसाला मी सांगायला नको. मोठा फ्लेक्स म्हणजे वाऱ्यासमोर ताणून धरलेले शीड असते आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याच्यावरचा दाब चौपट होतो. 13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर 120 बाय 120 फुटांचा जाहिरात फलक वादळात कोसळून 17 माणसे दगावली. पिंपरी-चिंचवडमध्ये किवळे येथे एप्रिल 2023 मध्ये पाच जण गेले. सप्टेंबर 2019 मध्ये चेन्नईत रस्त्याच्या मध्यावर लावलेला एक बॅनर दुचाकीवरच्या तरुण मुलीवर पडला, तिचा तोल गेला आणि मागून आलेल्या टँकरखाली ती सापडली. तो बॅनर एका राजकीय पुढाऱ्याच्या घरच्या लग्नाचा होता आणि आकाराने काही अजस्र नव्हता. फाट्यावर बल्ल्या रोवून आणि बाइंडिंगची तार आवळून उभ्या केलेल्या तुमच्या फ्लेक्सखाली सकाळी शाळेची मुले एसटीची वाट पाहत उभी राहणार आहेत. एवढ्या एका कारणासाठी मी दिरांना नाही म्हटले असते.

आणि मापाचा हिशोबही पाहा. 20 बाय 10 म्हणजे 200 चौरस फूट. त्याच फ्लेक्समध्ये दोन फूट बाय दीड फुटाच्या 66 पाट्या निघतात. बल्ल्या, मजुरी आणि जागेचे भाडे वेगळेच वाचते.

तर मग पाट्यांनी मते मिळतात का? याचे प्रामाणिक उत्तर असे की थोडीच मिळतात, आणि तीही कुठे लावल्या यावर अवलंबून असते. अमेरिकेत घरापुढच्या हिरवळीवर उमेदवाराच्या नावाची छोटी पाटी रोवण्याची जुनी रीत आहे. राज्यशास्त्राचे अभ्यासक डोनाल्ड ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या चार निवडणुकांत प्रयोग केला: कोणत्या भागात पाट्या लावायच्या आणि कोणत्या भागात नाही, हे चिठ्ठी टाकल्यासारखे नशिबावर सोडले आणि नंतर दोन्हीकडची मते ताडून पाहिली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मतांच्या वाट्यात पडलेला फरक सरासरी 1.7 टक्के इतका निघाला. त्याआधी 2013 मध्ये सिंडी कॅम आणि एलिझाबेथ झेकमाइस्टर या दोन संशोधिकांनी दाखवले होते की, शाळेच्या वाटेवर अस्तित्वातच नसलेल्या एका उमेदवाराच्या नावाच्या पाट्या काही दिवस लावल्या, तर त्या वाटेने जाणारे पालक त्या नावाला पसंती देऊ लागतात. मात्र उमेदवाराविषयी दुसरी ठोस माहिती हाताशी असली की नुसत्या ओळखीच्या नावाची ही किमया ओसरते, असेही त्यांना आढळले. अमेरिकेचा आकडा यावल तालुक्याला जसाच्या तसा लागू पडणार नाही, पण त्यातला धागा आपल्या कामाचा आहे. ज्याला तुम्ही ठाऊक नाही त्याच्यासाठी पाटी काम करते. जो तुम्हाला अकरा वर्षे बचत गटाच्या हप्त्याच्या दिवशी पाहतो आहे, त्याचे मत पाटीने हलत नाही.

म्हणून वहीत गावाचा कच्चा नकाशा काढा आणि तुम्ही जिथे अनोळखी आहात ती ठिकाणे त्यात खुणा करून ठेवा. नव्या प्लॉट भागात राहायला आलेली नोकरदार कुटुंबे, नाल्यापलीकडची वस्ती, गेल्या पाच-सहा वर्षांत गावात सून म्हणून आलेल्या मुली (त्यांचे नाव यादीत लागलेले असते, पण प्रचारात त्यांना कोणी मोजत नाही), आणि पहिल्यांदा मतदान करणारी पोरे. पाट्यांची पहिली खेप तिकडे गेली पाहिजे. तुमच्या स्वतःच्या गल्लीत दोन पाट्या पुरतात.

आता यजमानांच्या भीतीबद्दल. ही भीती खोटी नाही, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातला हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. भर चौकातल्या फ्लेक्सला पैसा लागतो, पण ओट्यावरच्या पाटीला माणूस लागतो. ती पाटी शेजाऱ्याला सांगत असते की या घरातल्या माणसाने विचार करून ही बाई निवडली आहे. तिचे वजन त्यामुळेच आहे. आणि म्हणूनच ती मनाविरुद्ध लावून घेतली तर वजन जाते आणि राग तेवढा उरतो.

माझीच एक चूक सांगतो. अमळनेरात आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधीचे दिवस होते आणि बायकांनी घरे नुकतीच चुन्याने सारवली होती. आमच्या उमेदवाराच्या माणसांनी सांगितले म्हणून आम्ही तिघांनी रात्रीतून एका बोळातल्या सगळ्या भिंतींवर नाव आणि चिन्ह रंगवले. मालकांना विचारले असेल, असे आम्ही धरून चाललो. सकाळी ब्रश विसरला म्हणून मी परत गेलो, तर एक म्हातारी चुन्याची बादली घेऊन आमच्या ओल्या निळ्या अक्षरांवर हात मारत होती. निळा रंग चुन्यात कालवून तिचे मनगटापर्यंतचे दोन्ही हात निळे झाले होते आणि भिंत आधीपेक्षा वाईट दिसत होती. मला पाहून ती ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "भिंत मन्ही शे, भाऊ." मी तिला बादली धरू लागलो, पण ती भिंत त्या आखाजीला पांढरी झाली नाही. त्या बोळात मते कोणाला पडली हे मला कधी कळले नाही, पण त्यानंतर विचारल्याशिवाय मी एकाही भिंतीला ब्रश लावला नाही.

तुम्ही स्वतः विचारायला जा. पुतण्याला पाठवू नका. ओट्यावर बसा, गटाच्या आणि पाण्याच्या चार गोष्टी बोला आणि मग एकदाच विचारा की पाटी लावली तर चालेल का. "घरात विचारून सांगतो" असे उत्तर आले, तर ते नाही आहे असे समजून चहा घेऊन उठा आणि दुसऱ्यांदा विचारू नका. त्या घरातले मत तुम्हाला तरीही पडू शकते, पण दोनदा विचारलेल्या घरातले बहुधा जाते. काही घरांत सासऱ्याचे मत एकीकडे आणि सुनेचे दुसरीकडे असते. तिथे पाटी लावून त्यांच्या जेवणाच्या पंगतीत भांडण नेऊ नका.

आणि काही घरे अशी आहेत, जिथे तुम्ही मुळीच विचारू नये. तुमच्या किंवा दिरांच्या केळीच्या बागेत जे मजुरीला येतात, त्यांच्या घरी विचारू नका. गटातून कर्ज घेतलेल्या ज्या बायकांचे हप्ते थकले आहेत, त्यांनाही विचारू नका. त्या हो म्हणतील आणि हसून म्हणतील, पण तो होकार तुमचा नाही, तुमच्याकडे असलेल्या त्यांच्या नावावरच्या आकड्याचा आहे. गटाचे नाव, गटाचा शिक्का आणि गटाचा पैसा यांपैकी काहीही पाटीला लागू देऊ नका. अकरा वर्षे ज्या विश्वासावर गट चालला तो विश्वास पाच वर्षांच्या सरपंचपदापेक्षा मोठा आहे, असे मला मनापासून वाटते.

जे आनंदाने हो म्हणतील त्यांच्याकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या. आदर्श आचारसंहितेप्रमाणे कोणाच्याही खासगी जागेवर, इमारतीवर किंवा कुंपणावर त्याच्या परवानगीशिवाय झेंडा, बॅनर किंवा घोषणा लावता येत नाही, आणि तक्रार झाली तर तोंडी होकार कामाला येत नाही. चिठ्ठी अशी असावी: "मी घर क्रमांक अमुक येथे राहते. माझ्या घराच्या रस्त्याकडील भिंतीवर दोन फूट बाय दीड फूट मापाची एक पाटी मतमोजणीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत लावण्यास माझी राजीखुशीने संमती आहे." खाली सही किंवा अंगठा आणि तारीख. घर भाड्याचे असेल तर मालकाची सही घ्या. या चिठ्ठ्यांची यादी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन पाट्यांच्या परवानगीबद्दल तिथली पद्धत विचारून घ्या.

पाटीवर काय असावे यावर तुमच्या घरात जो वाद चालला आहे, त्यात मी सरळ एक बाजू घेतो. पाटीवर फोटो एकच असावा आणि तो तुमचा असावा. महिलांसाठी 50 टक्के जागा राखीव झाल्या, तरी गावोगावच्या फ्लेक्सवर पतिराजांचा फोटो हातभर मोठा आणि उमेदवार बाईचा फोटो टपाल तिकिटाएवढा असतो. काही ठिकाणी तर बाईचे नाव पतीच्या नावाच्या खाली येते. मतदार मूर्ख नसतो. कारभार कोण पाहणार आहे हे तो फ्लेक्सवरून वाचतो आणि नंतर सरपंच बाईला ग्रामसभेत कोणी प्रश्नही विचारत नाही. तुमचे यजमान पत्रात जसे दिसतात तसे समजूतदार असतील, तर हे त्यांना तुम्हीच सांगा. त्यांना वाईट वाटणार नाही.

फोटो कोणता घ्यायचा? स्टुडिओत हात जोडून काढलेला नको. गटाच्या बैठकीत तुम्ही ज्या साडीत असता, डोक्यावर पदर घेत असाल तर पदर घेऊन, घेत नसाल तर तसाच, समोर पाहणारा, दिवसाउजेडी काढलेला फोटो घ्या. गावाने तुम्हाला जसे पाहिले आहे तसे पाटीवर दिसले पाहिजे.

नावाचे मात्र नीट पाहा. मतदान यंत्रावर तुमचे नाव ज्या रीतीने छापले जाईल त्याच रीतीने ते पाटीवर मोठ्या अक्षरांत हवे. पण गाव तुम्हाला ताई, अक्का किंवा अमक्याची आई म्हणून ओळखत असेल तर तेही त्याखाली लहान अक्षरांत घाला, नाहीतर प्लॉट भागातल्या बाईला यंत्रासमोर उभे राहिल्यावर कळणार नाही की छापलेले नाव त्या गटवाल्या ताईंचेच आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षांच्या चिन्हांवर होत नाही, आणि तुमचे मुक्त चिन्ह माघारीची मुदत संपल्यावर मिळणार. त्यानंतर मतदानापर्यंत मोजकेच दिवस उरतात, आणि समोरच्यांनी आज लावलेले सारे फ्लेक्स चिन्हाविना लागले आहेत, हे विसरू नका. त्यांनी आपला निम्मा पैसा चिन्ह मिळण्याआधीच खर्च केला आहे. तुम्ही पाटीचा मजकूर आणि मांडणी आताच तयार करून ठेवा, चिन्हाची चौकट मोकळी सोडा, छापखानावाल्याशी बोलून ठेवा आणि चिन्हवाटप झाले त्याच संध्याकाळी छपाईला द्या. आणखी एक अडचण अशी की तुमच्या गावातल्या मतदाराला सरपंचाचे एक आणि आपल्या प्रभागातल्या सदस्यांची आणखी दोन-तीन मते द्यायची असतात, आणि एका पॅनेलच्या उमेदवारांची चिन्हे वेगवेगळी असू शकतात. सगळ्या 15 जणांची चिन्हे एकाच फ्लेक्सवर छापली तर लोक गोंधळतात. प्रभागनिहाय वेगळी पाटी करा: वर तुम्ही, खाली फक्त त्या प्रभागाचे उमेदवार.

रंगाबद्दल थोडक्यात. पांढऱ्यावर गडद निळा किंवा पिवळ्यावर काळा, याखेरीज काही करू नका. नक्षीदार अक्षर नको. चकचकीत फ्लेक्सवर आपल्याकडचे दुपारचे ऊन पडले की काहीच वाचता येत नाही, म्हणून मॅट मागा. 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे, तेव्हा स्वस्त म्हणून कोणी तसला माल दाखवला तर घेऊ नका.

खरे तर मला फ्लेक्सपेक्षा कापड बरे वाटते. तुमच्या शेजारीच फैजपूर आहे. 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन तिथे झाले, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, आणि त्या नगराची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी गांधीजींच्या इच्छेप्रमाणे बांबू आणि खेड्यात सहज मिळणाऱ्या साहित्यातून केली होती. तुमच्या गटात शिवणकाम करणाऱ्या बायका असतील आणि गावात एखादा हाताने अक्षर काढणारा जुना रंगारीही अजून असेल. मांजरपाटावर हाताने काढलेल्या पंधरा-वीस पाट्या, बांबूच्या दोन कामट्यांत ताणून बसवलेल्या, जुन्या गल्ल्यांत लावा आणि बाकीच्या छापील घ्या. फ्लेक्सच्या गर्दीत कापडावरचे हाताचे अक्षर नजर थांबवते, हे मी अनुभवाने सांगतो.

कायद्याचा भाग लांबवत नाही, पण तो टाळूही नका. सार्वजनिक ठिकाणी जागा विद्रूप होईल असे काही परवानगीशिवाय लावणे हा महाराष्ट्रात 1995 च्या मालमत्ता विद्रुपण प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर 2017 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांबाबत कडक आदेश दिले, त्यानंतरही ते गेले नाहीत हे आपण पाहतोच, पण तक्रार झाली की त्याच आदेशांचा आधार घेतला जातो. विजेचे खांब, शाळा, ग्रामपंचायत कार्यालय, एसटीचा थांबा, पाण्याची टाकी आणि मंदिर-मशिदीच्या भिंती पूर्णपणे सोडून द्या. मारुतीच्या पारावर समोरच्यांनी लावले म्हणून तुम्हीही लावायचे, असे करू नका. प्रार्थनास्थळाचा प्रचारासाठी वापर आचारसंहितेत बसत नाही, आणि पार सगळ्या गावाचा असतो. प्रत्येक पाटीवर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या छापून घ्या.

खर्चाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. 2017 मध्ये ठरलेल्या मर्यादेप्रमाणे 15 किंवा 17 सदस्यांच्या ग्रामपंचायतीत थेट सरपंचपदाच्या उमेदवाराला 1,75,000 रुपये आणि सदस्याला 50,000 रुपये खर्च करता येतो. सध्या लागू असलेला आकडा अर्ज भरताना विचारून घ्या. तुमचे ऐंशी हजार त्यात आरामात बसतात, पण पुतण्याच्या मित्राने फुकट दिलेले कापडही किंमत लावून वहीत यावे लागते, आणि कार्यकर्त्यांसाठी कोणी शेतात भरीत-भाकरीची पंगत घातली तर तीही. निकालानंतर 30 दिवसांत हिशोब दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवले जाऊ शकते, मग निवडून आला असलात तरी. माझ्या मते पाट्यांवर पंचवीस हजारांच्या वर जाऊ नका. उरलेला पैसा मतदार चिठ्ठ्या, एक छोटी पत्रिका आणि घरोघरी फिरण्यासाठी लागणारी रिक्षा यांसाठी ठेवा. गावच्या निवडणुका पाच-दहा मतांवर जातात, काही वेळा समसमान होऊन चिठ्ठीवर जातात, आणि ती पाच-दहा मते उंबऱ्यावर मिळतात.

दहा-बारा पाट्या जादा छापा. काही फाटतील, काही वारा नेईल, एक-दोन बकऱ्या खातील. फाटलेली पाटी दुसऱ्या दिवशी सकाळी बदलली गेली की फाडणाऱ्याचा उत्साह दोन-तीन रात्रींत मावळतो. मतदान केंद्राच्या 100 मीटरच्या आतल्या पाट्या आदल्या दिवशी, प्रचाराची वेळ संपायच्या आत उतरवा. आतले अंतर टेपने मोजून घ्या, पावलांनी नको.

निकाल काहीही लागो, मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याला आणि त्याच्या त्याच मित्रांना एक पिशवी, पक्कड आणि थोडा भिजवलेला चुना देऊन गावात पाठवा. पाट्या उतरवायच्या, कामट्या आणि तारा पिशवीत भरायच्या, खिळा काढल्यावर भिंतीला पडलेले भोक चुन्याने बुजवायचे आणि घरातल्या माणसाला राम राम करून पुढे जायचे. छापील पाट्या जाळू नका, पीव्हीसीचा धूर वाईट असतो. ज्याला कडब्याच्या गंजीवर किंवा गोठ्याच्या गळक्या छपरावर टाकायला हव्यात त्याला देऊन टाका. फाडलेला तो पहिला फ्लेक्सही त्यातच द्या, मधून शिवला की चालतो.